मंजूर भार

पुणे, ६ मार्च २०२५

प्रिय काका,

कानाचं यंत्र लावूनही तुम्हाला फोनवर नुसती खरखर ऐकू येते, आणि काकू माझा निरोप तुमच्यापर्यंत पोचवताना अर्धा गाळते. म्हणून शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच पोस्टाचं पाकीट विकत आणलं.

काम आहे. माझी संस्था विजेच्या मागणीचे अंदाज बांधते. माणसं बरी कमवायला लागली, कारखाने आले, शहर पसरलं, की वीज किती जास्त लागते आणि दहा वर्षांनी किती लागेल, हे आम्ही सांगायचं. त्यावरून नवी वीज केंद्रं मंजूर होतात, कोळसा किती काढायचा ते ठरतं. देशाचे आकडे आमच्याकडे ढीगभर आहेत. पण एक गल्ली चाळीस वर्षांत कशी बदलली हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. तुम्ही ठेवलं आहे.

दहावीपर्यंत मी तुमच्या घरी वाढले. रोज दुपारी तुम्ही कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपाशी जाऊन लोड बघायचात आणि खिशातल्या डायरीत लिहायचात, ते मला आठवतं. काकू सांगते, रिटायर होऊन नऊ वर्षं झाली तरी अजून लिहिता. त्या डायऱ्यांच्या प्रती मिळतील का? आणि आणखी एक. त्या ट्रान्सफॉर्मरवर जेवढी घरं आहेत त्यांची यादी हवी, कोणाकडे कोणती यंत्रं आहेत त्यासकट. तुम्हाला कोणी नाही म्हणणार नाही. सुरुवात आपल्याच घरापासून करा.

तुमची देवश्री


तात्यापारा, रायपूर, १७ मार्च २०२५

चिरंजीव देवश्री, सुखात राहा.

तुझं पत्र काकूनं आधी वाचलं, मग मले दिलं. "अर्धा गाळते" वाचून दोन दिवस रुसून होती.

एक्केचाळीस डायऱ्या निघाल्या. पहिली १९८४ ची, मी वीज मंडळात नोकरीला लागलो त्या वर्षीची. तेव्हा दुपारी लोड इतकं कमी असे की लहानू म्हणायचा, "साहेब, हा झोपला हाय, उठवू नका." लहानू तुले आठवत असेल, माझा लाईनमन, तुले सायकलवर शाळेत सोडायचा. डायरीतली निम्मी अक्षरं त्याची आहेत. मी खाली उभा राहायचो, तो वाचून लिहायचा.

मग टीव्ही आले, मिक्सर आले. राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, तेव्हा दोन वर्षांत गल्लीतल्या तीन घरांवर मजला चढला. सदर बाजारातल्या सोनारांनी इकडे घरं घेतली. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी मिळाली त्या उन्हाळ्यात एका महिन्यात सात फ्रिज आले. शेजाऱ्याची बढती लोकांना पेढे आल्यावर कळते. मले ती आधी अँपिअरमध्ये दिसायची.

यादी सोबत आहे. घरं अडतीस. एसी एकूण नऊ. आपल्या घरी पंखे पाच, फ्रिज एक, टीव्ही एक, कूलर दोन. कनेक्शन घेताना माझ्या बाबांनी लिहून दिलं होतं की एका वेळी दोन किलोवॅटहून जास्त वीज ओढणार नाही. तो मंजूर भार अजून तोच आहे.

लहानूनं अभनपुरात दोन खोल्या बांधल्या, तिथंच राहतो. त्याचा मुलगा धर्मपाल आता आपल्या भागाचा लाईनमन आहे. कायम नाही, ठेकेदाराकडे. आमच्या वेळी या भागाला अकरा जण होते, आता चार आहेत आणि वीज सहापट झाली. पण पोट्टा बापासारखाच आहे. हातात मोजे घातल्याशिवाय शिडीला हात लावत नाही.

काकूचा राग गेला आहे, तिचे आशीर्वाद.

दिवाकरकाका


पुणे, ४ एप्रिल २०२५

प्रिय काका,

डायऱ्या आल्या तेव्हा ऑफिसात सगळे माझ्या टेबलाभोवती जमले. माझ्या वरिष्ठ, शर्मिष्ठाताई, म्हणाल्या की असं काही त्यांनी वीस वर्षांत पाहिलं नाही. तुमच्या गल्लीची रेघ कागदावर काढली आणि शेजारी देशाची काढली, तर जुळ्या बहिणी. आधी कित्येक वर्षं सपाट. मग पोटापाण्याची चिंता मिटते आणि रेघ हळूहळू चढते. आणि ज्या वर्षी घर थंड करणं परवडू लागतं त्या वर्षी ती सरळ उभी राहते. आपला देश आत्ता नेमका तिथे आहे, काका, त्या उभ्या चढाच्या पायथ्याशी.

एक शंका. एसी नऊच? दिवाळीत आले होते तेव्हा आपल्या गच्चीवरून बाहेर टांगलेले डबे सहज मोजले होते. एकोणीस दिसले होते. तुमच्यापासून लोक लपवतात की काय?

देवश्री


तात्यापारा, २२ एप्रिल २०२५

चि. देवश्री,

लपवतातच. सगळ्यांचा मंजूर भार जुना, दोन नाहीतर तीन किलोवॅट. खरं सांगितलं तर तो वाढवून घ्यावा लागतो, दर महिन्याला जास्तीचा आकार बसतो. मग मी दारात गेलो की म्हणतात, "काकाजी, एक ही है, वो भी खराब पड़ा है." मी काय त्यांच्या भिंती तपासू? जे सांगितलं ते लिहिलं.

कागदावरच्या मंजूर भारावरून ऑफिसला वाटतं ट्रान्सफॉर्मर साठ टक्केच भरला आहे, म्हणून मोठा देत नाहीत. माझा अर्ज जानेवारीपासून पडून आहे. दुपारी ट्रान्सफॉर्मरजवळून गेलं की गरम तेलाचा वास येतो. त्याचा वरचा स्विच तर तीन वर्षांत कोणी साफ केला नाही, तेल घातलं नाही. हँडल खाली ओढायला जोर लावावा लागतो. पण ते करायचं तर लाईन तासभर बंद ठेवावी लागते आणि आता तासभर बंद कोणाला चालत नाही. उन्हाळ्यात गर्मी, पावसाळ्यात गणपती, दिवाळीत रोषणाई. धर्मपाल म्हणतो, "काका, ह्या लाईनीले श्वास घ्यायले वेळ नाही."

मेमध्ये नीलेश येणार आहे हैदराबादहून, पायलला घेऊन. नातीला चार वर्षांनी रायपूरचा उन्हाळा दिसेल. काकू आतापासून पापड लाटून राहिली आहे.

दिवाकरकाका


पुणे, १२ मे २०२५

प्रिय काका,

घाईत लिहिते. या महिन्यात रोज दुपारी तीनचं लोड लिहाल का, एकही दिवस न चुकता? यंदा तुमची गल्ली सगळे जुने आकडे मोडणार असं मला वाटतंय. अहवालाचं पहिलं पान मी त्याच आकड्यासाठी मोकळं ठेवलं आहे. नीलेशदादाला आणि पायलला माझी आठवण सांगा.

देवश्री


तात्यापारा, ९ जून २०२५

चि. देवश्री,

रीडिंग घेणं झालं नाही. यापुढेही होणार नाही. डोळ्याला कमी दिसून राहिलं. नीलेश आणि पायल लवकर परत गेले.

तुझं काम तुझ्याजवळ आहे तेवढ्यावर भागव.

दिवाकरकाका


पुणे, ३ जुलै २०२५

प्रिय काका,

तुमचं पत्र वाचून काळजी वाटली. डोळे दाखवले का? काकूला फोन केला तर "बरे आहेत" म्हणून तिनं पावसापाण्याच्या गोष्टी काढल्या.

रीडिंगची चिंता करू नका. कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला आता नवं मीटर आहे ना, त्याची दर पंधरा मिनिटांची नोंद आम्हाला मिळाली. दोन गोष्टी मात्र जुळत नाहीत.

पहिली अशी की तुमच्या यादीतली सगळी यंत्रं एकाच वेळी चालू केली तरी मीटरनं दाखवलेल्या भाराच्या निम्म्याच्या थोडं वर जातं. म्हणजे अर्धी गल्ली खोटं बोलते. हे मला अपेक्षित होतं.

दुसरी गोष्ट २१ मे, बुधवारची. दुपारी दोनपर्यंत आकडा चढत होता, जवळपास उच्चांकाला पोचला होता. मग एकदम निम्म्यावर आला, आणि पावणेतीनला शून्य. रात्री नऊपर्यंत शून्य. आमच्याकडे अशा नोंदीला मीटरचा दोष समजतात. ती काढून टाकायची आणि आदल्या दिवसांची सरासरी तिथे भरायची, असा नियम आहे. मी तसं केलंय. पण सहज विचारते, त्या दिवशी काय झालं होतं? तुम्ही तर घरीच असाल.

देवश्री


तात्यापारा, १५ जुलै २०२५

चि. देवश्री,

मीटरचा दोष नव्हता. त्या दिवशी धर्मपाल गेला.

तुले कळवायला हवं होतं. हात धजला नाही. दुपारी खांबावरचा एक फ्यूज उडाला, अर्ध्या गल्लीची वीज गेली. तो बदलायला धर्मपाल वर चढला आणि त्याला शॉक लागला. लाईन बंद केलेली नव्हती. सबस्टेशनची परवानगी नव्हती. मी आवाज ऐकून बाहेर आलो तोवर सगळं संपलं होतं.

चौकशी झाली. परवानगी न घेता, दांडा न लावता चढला, मृत कामगाराचा निष्काळजीपणा, असा निकाल आला. दांडा म्हणजे चढण्याआधी तारेला लावून ती खरंच मेलेली आहे का ते पाहायचा. माझीही साक्ष घेतली.

त्याची बायको सरिता काम मागायला ऑफिसात गेली होती. तिला सांगितलं, त्याचीच चूक होती, आम्ही काय करणार. मुलगी सहा वर्षांची आहे.

मी दर रविवारी बसनं अभनपूरला जातो, लहानूजवळ बसतो. तो एकच बोलतो, "साहेब, तीस वर्षं खांबावर चढलो, अंगाला चटका नाही बसला. ह्या पोट्ट्याले लहानपणापासून सांगितलं, दांडा लावल्याबिगर हात लावायचा नाही. काहून ऐकलं नाही त्यानं? माझं नाव घालवलं."

 चहा पितो, परत येतो.

दिवाकरकाका


पुणे, १ ऑगस्ट २०२५

काका,

तुमचं पत्र वाचून लहानूकाकांची सायकल डोळ्यांसमोर आली, आणि मी ऑफिसातून उठून जिन्यात जाऊन बसले.

मग काकूला फोन केला. आता मला कळलं आहे हे ऐकल्यावर ती बोलली. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते. ती म्हणाली, "मले काही झालं नव्हतं ग. मी कूलरसमोर भाजी निवडून राहिली होती. एसी बंद पडले, पायल रडायला लागली, नीलेश चिडला. हे म्हणाले, तुझ्या नावानं सांगतो, तुले दम लागला म्हणून सांगतो, म्हणजे तो थांबायचा नाही. आणि छत्री घेऊन गेले. आवाज झाला तेव्हा हे बाहेरच होते."

एसी बंद पडले, असं ती म्हणाली. तुमच्या यादीत आपल्या घरी एसी नाही. आणि आवाज ऐकून बाहेर आलो, असं तुम्ही मला लिहिलंत.

मी तुमची साक्ष घेत नाही. पण मला खरं हवं आहे, काका.

माझंही एक सांगायचं आहे. धर्मपाल खांबावर होता आणि नंतर त्याला खाली उतरवत होते, ते सगळे तास मी सरासरीनं भरून काढले होते. माझ्या तक्त्यात त्या दुपारी तुमच्या गल्लीत सगळं सुरळीत आहे, भार किंचित वाढतो आहे. शर्मिष्ठाताईंना म्हटलं, ती शून्यं परत घालूया. त्या म्हणाल्या, घाल, पण त्यानं अंदाजात फरक पडणार नाही. मी घातली. खरंच फरक पडला नाही. दहा वर्षांनंतरचा आकडा तोच आला.

देवश्री


तात्यापारा, १४ ऑगस्ट २०२५

देवश्री,

तीन कागद फाडले. आता जसं होईल तसं लिहितो.

आपल्या घरी दोन एसी आहेत. पहिला फेब्रुवारीत घेतला, म्हणजे तुले यादी पाठवली तेव्हा तो भिंतीवर होता. दुसरा एप्रिलमध्ये, पायलच्या खोलीसाठी. भार वाढवण्याचा अर्ज मी केला नाही. बत्तीस वर्षं ज्यानं लोकांना अर्ज करायला लावले त्यानं केला नाही. वाटलं, आपल्या एकट्यानं काय होतं. गल्लीतल्या प्रत्येकाला तेच वाटलं असेल. तुझ्या कागदावरची उभी रेघ तशीच उभी राहते.

२१ तारखेला दोनच्या सुमारास फ्यूज उडाला. मी तक्रार केंद्रावर माणूस पाठवला नाही, सरळ कोपऱ्यावर गेलो. धर्मपाल सावलीत बसून डबा खात होता. त्याचा जोडीदार हरिदास गाडी घेऊन दुसऱ्या तक्रारीवर गेला होता, दांडा त्या गाडीत. एकच दांडा आहे चार माणसांत.

मी म्हटलं, "धर्मपाल, काकूले दम लागला आहे. लवकर कर."

तो डबा बंद करून उभा राहिला. म्हणाला, "काका, सबस्टेशनले फोन केला होता. लोड जास्त हाय म्हणतात, लाईन बंद करता येत नाही, थांबा म्हणतात. हरिदास अर्ध्या तासात येतो, दांडा आला की चढतो."

मी म्हटलं, "अर्ध्या तासात काही झालं तर? कोपऱ्यावरचा स्विच आपण इथूनच उघडू. त्याच्या पलीकडे वीज येत नाही. मी इथं तीस वर्षं काढली आहेत."

दोघांनी मिळून हँडल ओढलं. जड गेलं. वर तीन पाती असतात, तिन्ही उघडायला पाहिजेत. तो वर पाहायला लागला, पण ऊन डोळ्यांवर होतं. त्यानं विचारलं, "काका, बंद हाय ना?" मी छत्री बाजूला करून पाहिलं. दोन पाती उघडलेली दिसली. तिसरं खांबाच्या आड होतं. मी म्हटलं, "तिन्ही उघडली. चढ."

तो शिडीवर अर्ध्यात थांबला. पुन्हा विचारलं, "पक्कं ना काका?" मी म्हटलं, "हव."

तिसरं पातं उघडलंच नव्हतं. गंजून अडकलं होतं. हँडल जड जातं हे मी तुलेच एप्रिलमध्ये लिहिलं होतं. मले ठाऊक होतं.

गल्लीत कोणी नव्हतं, दुकानांची शटरं अर्धी ओढलेली होती. आवाज झाल्यावर लोक बाहेर आले. त्यांनी मले तिथं उभं पाहिलं आणि त्यांना वाटलं, काका सगळ्यात आधी धावले. मी तसंच वाटू दिलं. साहेब साक्ष घ्यायला आले तेव्हा खुर्ची आणून दिली मले, पाणी दिलं. "सर, आपने क्या देखा?" मी म्हटलं, आवाज ऐकून बाहेर आलो. ते त्यांनी लिहिलं, मी सही केली.

त्या संध्याकाळी नीलेशनं पायलला घेऊन हॉटेलात खोली घेतली, कारण घरी वीज नव्हती. मी त्याला काही सांगितलं नाही. काकूलाही नाही. ती समजली आहे. त्या दिवसापासून ती एसीच्या खोलीत झोपत नाही.

दिवाकर


पुणे, २३ ऑगस्ट २०२५

काका,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवत नाही.

ऑफिसात जाऊन जबाब बदलून या. तो स्विच तीन वर्षं कोणी साफ केला नाही, चार माणसांत दांडा एक होता, सबस्टेशननं लाईन बंद करायला नकार दिला, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार? यात दोष तुमच्या एकट्याचा नाही. पण तुम्ही गप्प राहिलात म्हणून तो सगळा त्याच्या एकट्यावर गेला.

आणि त्याही आधी अभनपूरला जा. लहानूकाका दर रविवारी तुमच्यासमोर आपल्या मेलेल्या मुलाला बोल लावतात आणि तुम्ही चहा पिता. मला दुसरं काही सुचत नाही, झोप लागत नाही. मी येऊन सांगू शकते, पण ते माझं नाही, तुमचं आहे.

ते झाल्यावरच मला पत्र लिहा.

देवश्री


तात्यापारा, ८ ऑक्टोबर २०२५

देवश्री,

एवढे दिवस गेले, कारण तीन रविवार मी अभनपूरच्या स्टॅंडवर उतरलो आणि तिथूनच परतीच्या बसमध्ये बसलो.

ऑफिसात मात्र आधी गेलो होतो, सप्टेंबरच्या एक तारखेला. लेखी अर्ज नेला होता. साहेबांनी दोन ओळी वाचल्या आणि कागद माझ्याकडे परत सरकवला. "अंकल, रिपोर्ट तो ऊपर चली गई. आप इस उमर में क्यों पड़ते हैं इसमें?" मी म्हटलं, शिक्का मारून द्या. ते म्हणाले, किसलिए? चहा मागवला. मी चहा न घेता उठलो, एवढंच केलं.

त्याच आठवड्यात गल्लीत मोठा ट्रान्सफॉर्मर आला. माणूस गेला म्हणून आला, माझ्या अर्जानं नाही. लोकांनी हार घातला, नारळ फोडला, मले पुढं बोलावत होते. मी गेलो नाही. महिन्याभरात चार घरांत नवे एसी लागले. समोरचे म्हणतात, आता काय, आता भरपूर आहे.

गेल्या रविवारी गेलो. लहानू दर दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. एक वर्ष चुकवलं नाही त्यानं. यंदा गेला नाही. मी विचारलं, काहून? म्हणाला, "ओळखीचे भेटतात साहेब. पोट्टा कसा गेला पुसतात. काय सांगू?"

मग मी सांगितलं. म्हटलं, लहानू, मी खोटं बोललो. आवाज ऐकून आलो नव्हतो, मी खाली उभा होतो. मीच चढवलं त्याले. काकूले काही झालं नव्हतं. घरचे एसी बंद पडले होते. सगळं सांगितलं, दांड्याचं, हँडलचं, पात्याचं.

तो खाटेवर बसून होता.  मग काहीतरी बोलला. मले ऐकू आलं नाही. पुन्हा बोलला, तरी नाही. सरिता दाराशी उभी होती. ती जवळ आली, माझ्या कानाशी वाकली आणि मोठ्यानं म्हणाली, "बाबा पुसून राहिले, चढायच्या आधी त्यानं विचारलं होतं का? लाईन बंद हाय का म्हणून?"

मी म्हटलं, "हव. दोनदा विचारलं. दांडा आल्यावर चढतो म्हणाला. मी थांबू दिलं नाही."

"दोनदा," लहानू म्हणाला. सरितेकडे पाहून म्हणाला, "दोनदा विचारलं त्यानं." आणि तोंडावर पंचा धरून रडायला लागला. मेपासून तो रडला नव्हता, मी दर रविवारी पाहत होतो.

मी हात जोडले. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "साहेब, आता तुम्ही येत नका जाऊ." आवाज चढवला नाही. सरितेनं ते पुन्हा मोठ्यानं सांगितलं नाही, पण तेवढं मले ऐकू आलं होतं.

मी उठलो तर तिनं थांबवलं. आत जाऊन मुलीची वही आणि पेन आणलं. म्हणाली, "लिहून द्या. हिंदीत लिहा, मी स्वतः घेऊन जाते. शिक्का मारेपर्यंत तिथून हलत नाही."

मी बसून दोन पानं लिहिली. तिनं एकेक ओळ बोट ठेवून वाचली. एका ठिकाणी थांबली. मी लिहिलं होतं, मेरे कहने पर वह चढ़ा.

"असं नाही," ती म्हणाली. "तुम्ही काय म्हटलं ते लिहा. त्यानं काय विचारलं ते पण."

मी ती ओळ खोडली. त्याखाली लिहिलं: उसने पूछा, काका, बंद है ना? मैंने कहा, तीनों खुल गए, चढ़ो. उसने फिर पूछा, पक्का ना? मैंने कहा, हाँ.

खाली सही केली, तारीख घातली. तिनं दोन्ही पानं वहीतून जपून फाडली, घडी केली आणि आत घेऊन गेली.  मी चप्पल घातली आणि स्टॅंडकडे निघालो.

दिवाकर